अडलेला घास आणि वैश्वानराची आहुती

अन्न गिळण्याच्या क्रियेचा आरंभ माणसाच्या इच्छेने होतो आणि शेवट त्याच्या इच्छेपलीकडे होतो. घास तोंडात घेणे, तो चावणे, लाळेत कालवून जिभेने मागे लोटणे इथपर्यंत माणूस कर्ता असतो. परंतु घास घशाच्या मागच्या भिंतीला टेकताच सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राकडे जातात, श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासमार्ग झाकला जातो आणि सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेत स्नायूंच्या आकुंचनाची लाट वरून खाली सरकत आठ-दहा सेकंदांत तो घास जठरापर्यंत पोचवते. ही लाट एकदा सुरू झाली की तिला मागे बोलावता येत नाही. निरोगी माणसाच्या आयुष्यात हे रोज शेकडो वेळा घडते आणि त्याची त्याला जाणीवही नसते. भारतीय धर्मविचाराने मात्र नेमक्या याच जागी, म्हणजे जिथे माणसाचे कर्तृत्व संपते आणि देहातील एक अनाम शक्ती काम हाती घेते तिथे, यज्ञाची स्थापना केली आणि घासाला आहुतीचा दर्जा दिला. त्यामुळे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो: ज्याच्या देहात हीच क्रिया बिघडली आहे, ज्याचा घास घशाशी किंवा छातीशी अडतो, त्याचे या यज्ञातील स्थान काय?

हा प्रश्न दोन प्रकारच्या आजारांत विशेष तीव्र होतो. पहिला प्रकार 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' या नावाने ओळखला जातो. यात पोटदुखी आणि शौचाच्या सवयीतील बदल दीर्घकाळ छळतात, पण आतड्याच्या रचनेत सहसा कोणताही दोष सापडत नाही. दुसरा प्रकार स्वप्रतिकार विकारांचा, ज्यांना ऑटोइम्यून आजार म्हणतात; यात रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिकारशक्ती देहाच्याच पेशींवर चालून जाते. गिळण्याची अडचण दोन्हींकडे आढळते, पण तिचे स्वरूप आणि तिच्यातून निघणारे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्या आजारात रोग्याला विचारले जाते की त्याची व्यथा खरी आहे का. दुसऱ्यात रोगी स्वतःला विचारतो की आपला देहच आपल्यावर का उलटला. या दोन्ही प्रश्नांना वैद्यकीय बाजू आहे, पण ते तिथे संपत नाहीत, कारण पहिला ज्ञानाच्या साधनांविषयीचा आणि दुसरा 'स्व' कशाला म्हणावे याविषयीचा प्रश्न आहे, आणि दोन्हींच्या तळाशी अन्नाशी असलेल्या धार्मिक नात्याचा प्रश्न आहे.

घासाला आहुती मानण्याच्या विचाराचे मूळ छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात सापडते. प्राचीनशाल औपमन्यव आणि त्याचे चार सोबती हे विद्वान गृहस्थ आत्मा म्हणजे काय याचा विचार करत उद्दालक आरुणीकडे जातात. आपल्याला संपूर्ण उत्तर देता येणार नाही हे ओळखून उद्दालक त्यांना घेऊन अश्वपती कैकेय या राजाकडे जातो. राजा प्रत्येकाला त्याची उपासना विचारतो, तेव्हा कोणी द्युलोकाला, कोणी आदित्याला, कोणी वायूला, कोणी आकाशाला, कोणी जलाला, तर उद्दालक स्वतः पृथ्वीला वैश्वानर, म्हणजे सर्व माणसांत वसणारा, आत्मा मानून उपासतो असे निघते. राजा त्यांना सांगतो की यांतले प्रत्येक वैश्वानराचे एकेक अंग आहे, अनुक्रमे मस्तक, नेत्र, प्राण, धड, बस्ती आणि पाय, आणि अंगालाच संपूर्ण मानणे ही त्यांची चूक होती. यानंतर राजा अनपेक्षितपणे जेवणाकडे वळतो. जेवणाऱ्याची छाती ही वेदी, हृदय हा गार्हपत्य अग्नी, मन हा अन्वाहार्यपचन अग्नी आणि मुख हा आहवनीय अग्नी, म्हणजे ज्यात प्रत्यक्ष आहुती पडते तो अग्नी, असे सांगून तो प्रथम हाती आलेले अन्न प्राण, व्यान, अपान, समान आणि उदान या पाच प्राणांना अर्पण करावे असे सांगतो. यालाच प्राणाग्निहोत्र म्हणतात. महाराष्ट्रातील पारंपरिक भोजनविधीत चित्राहुती, म्हणजे ताटाबाहेर ठेवायचे अन्नाचे छोटे भाग, घालून, आपोशन, म्हणजे मंत्रपूर्वक पाण्याचा घोट, घेऊन, भाताची पाच-सहा शिते दातांचा स्पर्श न होऊ देता गिळण्याची जी रीत होती, ती याच उपदेशाचे विधिरूप आहे. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात तोच विचार ईश्वराच्या मुखाने येतो: प्राण्यांच्या देहात वैश्वानर होऊन राहणारा आणि चतुर्विध अन्न पचवणारा तो स्वतःच आहे.

या विधीत गिळणे गौण नाही, तेच विधीचे हृदय आहे, आणि म्हणूनच गिळणे अडले तर श्रद्धावान माणसाला आपण केवळ आजारी नसून यज्ञाला अपात्र झालो आहोत असे वाटू शकते. न चावता शिते गिळण्याची रीत घशाचे स्नायू दुबळे झालेल्या माणसासाठी धोक्याचीही ठरते, कारण तीच शिते श्वासमार्गात उतरू शकतात. म्हणजे इथे विधीचे अक्षर आणि विधीचा हेतू एकमेकांसमोर येतात, आणि कोणाला मान द्यायचा हे ठरवण्यापूर्वी देहात नेमके काय बिघडते हे पाहणे आवश्यक ठरते.

स्वप्रतिकार विकारांत गिळण्याची क्रिया तिच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर तुटते. 'श्योग्रेन सिंड्रोम' या आजारात, ज्याचे सविस्तर वर्णन स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली केले, प्रतिकारपेशी लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करतात. तोंड कोरडे पडते आणि पाण्याच्या घोटाशिवाय कोरडा घास उतरत नाही. स्नायूंचा दाह होणाऱ्या 'मायोसायटिस' या गटातील आजारांत घशाचे ऐच्छिक स्नायू दुबळे होतात, ठसका लागतो आणि पातळ पदार्थ कधी नाकावाटे परत येतात. 'मायस्थेनिया ग्रेव्हिस'मध्ये मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरील ग्राहकांना प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने तयार केलेली विशिष्ट प्रथिने, निकामी करतात. त्यामुळे जेवणाच्या आरंभी घास सहज जातो, पण जसजसे जेवण पुढे सरकते तसतसे जबडा आणि घसा थकत जातात. 'सिस्टेमिक स्क्लेरोसिस' या त्वचा आणि आतले अवयव ताठर करणाऱ्या आजारात अन्ननलिकेच्या खालच्या भागातील अनैच्छिक स्नायू क्षीण होतात, आकुंचनाची लाट विरते, जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते आणि अन्न छातीशी थांबते किंवा आम्लासह वर येते. या प्रत्येक आजारात बाहेरून दिसणारी तक्रार एकच असते, की घास उतरत नाही. आतले कारण मात्र लाळ, स्नायू, सांधा किंवा लाट यांपैकी निरनिराळे असते.

'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम'चे तसे नाही. गिळण्याची अडचण हे या आजाराचे लक्षण म्हणून मोजले जात नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'रोम ४' या आंतरराष्ट्रीय निकषांत गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी आणि तिचा शौचाशी असलेला संबंध यांवर निदान आधारलेले आहे. परंतु या रोग्यांमध्ये पचनमार्गाच्या वरच्या भागाच्या तक्रारीही वारंवार आढळतात. घशात गोळा आल्याची सतत जाणीव होते, किंवा अन्ननलिकेत कोणताही अडथळा नसताना घास अडकल्यासारखा वाटतो. त्यामागे आतड्याच्या मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता आणि मेंदू व आतडे यांच्यातील दुहेरी संदेशवहनातील बिघाड असतो, असे आजचे वैद्यक मानते. अन्ननलिकेपासून गुदापर्यंतच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे पसरलेले आहे, आणि मायकेल गेर्शन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९८ सालच्या आपल्या ग्रंथात त्याला दुसरा मेंदू म्हटले. या जाळ्याची व्यथा दुर्बिणीतून दिसत नाही. इथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे: ज्याला हा आतड्याचा आजार आहे त्याचा घास खरोखर अडू लागला, वजन घटू लागले, रक्तक्षय झाला किंवा अडचण घट्ट अन्नापासून पातळ अन्नापर्यंत वाढत गेली, तर ती जुन्या आजाराच्या खात्यावर टाकून देणे धोक्याचे आहे, आणि दुर्बिणीची तपासणी, बेरियमचे क्ष-किरण चित्रण किंवा अन्ननलिकेतील दाब मोजणारी तपासणी होणे गरजेचे आहे.

पालघर तालुक्यातील घिवली हे अरबी समुद्राच्या काठचे, तारापूर अणुवीज केंद्राच्या परिसरातील गाव; अशा गावातील ताटाचा विचार केला म्हणजे या आजारांचा रोजच्या जगण्यातील अर्थ स्पष्ट होतो. या किनाऱ्यावरील मांगेला, वैती, भंडारी आणि वाडवळ घरांत भात, तांदळाची भाकरी आणि मासळी हा आहाराचा कणा आहे. ओला बोंबील जिभेवर विरघळण्याइतका मऊ असतो, पण पावसाळ्यासाठी वाळवून ठेवलेला सुका बोंबील, जवळा आणि सुकट, तसेच निवलेली भाकरी, ही कोरड्या घशाची आणि थकलेल्या स्नायूंची कसोटी पाहणारी असतात. नारळी पौर्णिमेचा नारळीभात, लग्नातली पंगत, पूजेचा प्रसाद आणि उपवासाचा साबुदाणा हे सगळे सामूहिक श्रद्धेचे प्रसंग अन्नाच्या द्वारेच साजरे होतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी आग्रह हा प्रेमाचा आणि नकार हा परकेपणाचा निदर्शक मानला जातो. ज्या माणसाला चार घासांनंतर थांबावे लागते, ज्याला ठसका लागण्याची भीती वाटते म्हणून तो लोकांत जेवायचे टाळतो, त्याचे आमंत्रण आधी त्याच्याकडून आणि मग हळूहळू लोकांकडूनही सुटत जाते. विशेष तपासण्यांसाठी बहुधा बोईसरहून रेल्वेने मुंबई गाठावी लागते. आणि तपासणीचा अहवाल निर्दोष आला तर दिलाशाबरोबर एक नवे ओझेही घरी येते, कारण आता कुटुंबाला वाटू लागते की आजार मुळी नव्हताच.

हाच पहिला तात्त्विक प्रश्न होय: जी व्यथा कोणत्याही यंत्रात दिसत नाही ती खरी कशी मानावी? न्यायदर्शनाने याचे उत्तर शोधण्याची चौकट दिली आहे. नैयायिकांच्या मते सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण असून त्यांचे ज्ञान ज्याचे त्याला मनाच्या द्वारे प्रत्यक्ष होते. दुसऱ्याचे दुःख मात्र कोणालाही प्रत्यक्ष होत नाही, ते अनुमानाने किंवा शब्दाने, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीच्या सांगण्यानेच कळते. याचा अर्थ असा की दुर्बिणीची तपासणी दुःख पाहत नाही. ती दुःखाचे एक संभाव्य कारण पाहते, आणि ते कारण न सापडल्याने दुःखाचा अभाव सिद्ध होत नाही. आपल्या घशात काय जाणवते याविषयी रोगी हाच आप्त, म्हणजे प्रत्यक्ष जाणणारा आणि म्हणून ज्याचे सांगणे प्रमाण मानावे असा साक्षीदार आहे.

आयुर्वेदाने हेच तत्त्व वैद्याच्या आचरणात उतरवले. चरकसंहितेच्या विमानस्थानातील चौथ्या अध्यायात रोगज्ञानाची साधने सांगताना वैद्याने डोळ्यांनी काय जाणावे, अनुमानाने काय जाणावे याची यादी येते, आणि मग काही गोष्टी अशा सांगितल्या आहेत की ज्या रोग्याला विचारूनच जाणाव्यात. त्यांत त्याची स्वप्ने, त्याच्या इच्छा, त्याची सुखदुःखे यांच्याबरोबर ग्रहणी, म्हणजे अन्न धरून ठेवून पचवणारा आतड्याचा भाग, मृदू आहे की कठोर हेही येते. ज्या अवयवाच्या विकाराबाबत आज रोग्याच्या शब्दावर सर्वांत अधिक शंका घेतली जाते, त्याच अवयवाचा स्वभाव प्राचीन संहिताकाराने रोग्याच्या शब्दावर सोपवला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात बुद्धी, हृदय, इंद्रिये आणि चित्त यांचे धारण करणाऱ्या प्राणवायूकडेच अन्न आत नेण्याचे कार्य दिलेले आहे. त्यामुळे मनाचा क्षोभ आणि घशाची अडचण एकत्र आढळणे या परंपरेला ढोंगाचे लक्षण वाटण्याचे कारण नव्हते. मन आणि घसा यांचा संबंध आहे, हे विधान आणि आजार मनाचा खेळ आहे, हे विधान यांत फार मोठे अंतर आहे, आणि त्या अंतराचा विसर पडला की रोग्यावर अन्याय होतो.

दुसरा प्रश्न दोषाचा आहे: हे कोणाचे पाप? गावोगाव त्याची तीन उत्तरे दिली जातात. पहिले पूर्वकर्माचे, दुसरे कोपलेल्या देवतेचे, आणि तिसरे अलीकडच्या लोकप्रिय अध्यात्माचे, ज्यात असे सांगितले जाते की जो राग माणसाने आयुष्यभर गिळला तोच त्याच्या घशात अडला आणि ज्याने स्वतःवर प्रेम केले नाही त्याच्यावर त्याचा देह उलटला. या तिन्हींमध्ये रोगी आणि अपराधी एकच होतात. संयुत्तनिकायातील सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेल्या संवादात बुद्धाने या प्रवृत्तीला नेमके उत्तर दिले आहे. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच होते काय, असे विचारल्यावर बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम वागणूक, बाह्य आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतो, आणि सर्व काही पूर्वकर्मावर टाकणारे लोक स्वतःच्या अनुभवाला आणि जगात सत्य म्हणून मान्य असलेल्या गोष्टींनाही ओलांडून जातात असे स्पष्ट करतो. चरकानेही आयुष्याचा विचार करताना दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंना स्थान दिले, आणि एकट्या दैवावर सर्व भार टाकला तर औषध, पथ्य आणि वैद्य हे सारेच निरर्थक ठरतील हे ओळखले. कर्मसिद्धांत मानणाऱ्या परंपरांनीच त्याला अशा मर्यादा घातल्या असताना आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या मागच्या जन्माचा हिशेब मांडणे हे धर्माचे काम होऊ शकत नाही.

बोईसर-तारापूरच्या परिसरात कारणाचा शोध आणखी एका दिशेने जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ इतका, देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक गुणांक मिळाला होता. तेव्हा इथल्या माणसाने आपल्या आजाराचे कारण हवेत आणि पाण्यात शोधावे हे स्वाभाविक आहे. स्वप्रतिकार विकारांत अनुवंशिक कल, संसर्ग, संप्रेरके आणि परिसर असे अनेक घटक एकत्र येतात असे वैद्यक सांगते, पण एका विशिष्ट माणसाच्या आजाराचे बोट एका विशिष्ट धुराकडे दाखवणे विज्ञानाला सहसा शक्य होत नाही. स्वच्छ हवापाण्याची मागणी न्याय्य ठरण्यासाठी मात्र प्रत्येक आजाऱ्याने आपले कारण सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही; ते सामाजिक कर्तव्य स्वतंत्रपणे उभे राहते. बुद्धाच्या यादीतील बाह्य आघात हे कारण आजच्या भाषेत वाचले तर त्यात हे कर्तव्यही समाविष्ट होते.

दोषाच्या प्रश्नाचे सर्वांत सूक्ष्म रूप 'स्व' या कल्पनेत दडलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन वैद्यक शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी असे मांडले की जीव स्वतःविरुद्ध विष तयार करण्याचे टाळतो. पुढे १९५६ साली अर्न्स्ट विटेब्स्की आणि नोएल रोझ यांनी सशांच्या कंठस्थ ग्रंथीवरील प्रयोगांतून देह स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करू शकतो हे दाखवून दिले. दरम्यान ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी प्रतिकारशक्तीचे मुख्य काम 'स्व' आणि 'पर' यांत भेद करणे हे होय अशी मांडणी केली, आणि या दिशेच्या संशोधनासाठी त्यांना पीटर मेडावर यांच्यासह १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून स्वप्रतिकार विकाराचे वर्णन 'स्व'ने 'स्व'वर केलेला हल्ला असे होऊ लागले, आणि आत्मा हाच आत्म्याचा बंधू व तोच त्याचा शत्रू या गीतेतील विचाराशी त्याची सांगड घालण्याचा मोह अनेकांना होतो. पण गीतेचा तो विचार न जिंकलेल्या मनाविषयी आहे. लाळग्रंथीत शिरलेल्या पेशींना मन जिंकण्याचा उपदेश लागू होत नाही, आणि ज्या पेशीला निवड नाही तिच्या कृतीला वैर किंवा आत्मद्वेष म्हणता येत नाही. शिवाय पुढील संशोधनातून असेही दिसले आहे की देहाच्या घटकांना ओळखणारी काही प्रतिपिंडे निरोगी माणसातही असतात. 'स्व' आणि 'पर' यांच्यातील सीमा जन्मतः आखलेली कायमची रेषा नसून ती देह सतत राखत असतो.

इथे तैत्तिरीय उपनिषदाचा विचार अधिक उपयोगी पडतो. त्या उपनिषदाने माणसाचा पहिला कोश अन्नमय म्हटला, सर्व भूते अन्नापासून जन्मतात आणि शेवटी अन्नातच विलीन होतात असे सांगितले, आणि ज्याला भूते खातात तेच अन्न भूतांनाही खाते हेही तितक्याच निर्भयपणे नोंदवले. भोक्ता आणि भोज्य यांची अदलाबदल ही त्या दृष्टीने सृष्टीचा सर्वसाधारण नियम आहे. देहाचे क्षीण होणे हे कोणा एकाला निवडून दिलेले शासन नसून अन्नमय असण्याचीच एक बाजू आहे. अन्नमय कोश हा 'स्व'चा सर्वांत बाहेरचा थर मानला गेला, त्यामुळे त्या थरातील बंडाळीला संपूर्ण माणसाचा निवाडा मानण्याची गरज उरत नाही. अश्वपतीने सहा विद्वानांना जे सांगितले तेच इथेही लागू आहे: एका अंगाला संपूर्ण आत्मा समजणे ही चूक आहे, मग ते अंग उपासनेतले असो वा आजारातले.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे यज्ञातील स्थानाकडे वळता येते. देहाची असमर्थता आणि विधीचे बंधन यांचा संघर्ष जगातील सर्व धर्मांना ठाऊक आहे, आणि त्यांनी त्याचे उत्तर बहुधा देहाच्या बाजूने दिले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर व्रताला न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगतो; त्यांत पाणी, मुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर औषधही आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आजाऱ्याला रमजानच्या रोजातून सवलत आहे, आणि ज्याला रोजा झेपतच नाही त्याने गरिबाला जेवू घालावे असे सांगितले आहे. न खाणाऱ्याचे कर्तव्य दुसऱ्याच्या खाण्यातून पुरे होते, ही यातील विलक्षण गोष्ट आहे. पालघर जिल्ह्यातच वसईच्या परिसरात मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजाची मोठी वस्ती आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ सालच्या कायदेसंहितेतील ९२५व्या कलमानुसार ज्याला पवित्र भाकर घेता येत नाही त्याला गरजेच्या वेळी केवळ द्राक्षरसाच्या रूपाने ख्रिस्तप्रसाद देता येतो, आणि गव्हातील प्रथिनामुळे आतड्यावर स्वप्रतिकारी आघात होणाऱ्या सिलिअॅक रोग्यांसाठी ते प्रथिन अत्यल्प असलेली भाकरही मान्य केलेली आहे. गीतेतील चतुर्विध अन्नाचा अर्थ भाष्यकारांनी भक्ष्य, भोज्य, लेह्य आणि चोष्य, म्हणजे चावण्याचे, सहज खाण्याचे, चाटण्याचे आणि चोखण्याचे असा केला आहे, आणि चारही प्रकार वैश्वानर सारख्याच अधिकाराने पचवतो असे म्हटले आहे. या न्यायाने तांदळाची पेज ही भाकरीची निकृष्ट बदली ठरत नाही. तीच पूर्ण आहुती आहे.

असे असले तरी अन्न न जाणे आणि अन्न सोडणे यांतील भेद पुसून चालणार नाही. विनोबा भावे यांनी पोटाच्या व्रणाच्या दीर्घ आजारात अत्यंत मोजका, बहुतांशी दुग्धजन्य आहार घेत देशभर पदयात्रा केली, आणि आयुष्याच्या शेवटी अन्न, पाणी व औषध नाकारून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे देह ठेवला. त्यांच्या त्या निर्णयाचे मूल्यमापन कोणी कसेही करो, तो निर्णय होता. ज्याचा घास अडतो त्याने काही सोडलेले नसते. त्याला भूक असते, चव कळते, आणि ताटावरून उठावे लागते. त्याच्या उपासमारीला तपश्चर्येचे नाव देऊन गौरवणे हे वरकरणी आदराचे वाटले तरी त्यात त्याच्या दुःखाची आणि उपचारांच्या गरजेची उपेक्षा आहे.

या सर्व विचाराची कसोटी रामकृष्ण परमहंसांच्या अखेरच्या महिन्यांत दिसते. त्यांचा आजार घशाचा कर्करोग होता, स्वप्रतिकार विकार नव्हता. पण काशीपूरच्या बागेतील घरात पातळ अन्नही गिळणे त्यांना अशक्यप्राय झाले, तेव्हा नरेंद्रनाथ (पुढचे विवेकानंद) आदी शिष्यांनी घशातून थोडे अन्न जावे एवढे तरी जगन्मातेकडे मागा असा हट्ट धरला. चरित्रकारांनी नोंदवल्याप्रमाणे त्यांनी ते मागितले, आणि या सगळ्यांच्या मुखांनी तूच तर खात आहेस, असे उत्तर मिळाल्यावर ते लाजून गप्प राहिले. १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांचे निधन झाले. हे उत्तर छांदोग्यातील वैश्वानरविद्येचाच निष्कर्ष आहे, कारण अश्वपतीनेही हे जाणणाऱ्याची आहुती सर्व लोकांत, सर्व भूतांत आणि सर्व आत्म्यांत पडते असे सांगितले होते, आणि अशा जाणणाऱ्याने समाजाने सर्वांत खालचा मानलेल्या माणसाला उष्टे दिले तरी ते वैश्वानरातच हवन होते असे म्हटले होते.

परंतु हे उत्तर कोण कोणाला देतो याला फार महत्त्व आहे. रामकृष्णांना ते त्यांच्या स्वतःच्या अनुभूतीतून मिळाले. जेवून तृप्त झालेल्या माणसाने ते उपाशी माणसाला ऐकवले तर त्याच वाक्याची क्रूरता होते. एक वैश्वानर सर्व मुखांनी खातो हे सत्य मानायचे असेल, तर त्याचा भार गिळू न शकणाऱ्यावर पडत नाही. ज्यांचा घास विनासायास उतरतो त्यांच्यावर तो पडतो. माझ्या मुखाने तोही जेवतो असे म्हणणाऱ्याला त्याच्या भुकेची जबाबदारी टाळता येत नाही. अश्वपतीचा उपदेश भुकेली मुले आईभोवती बसावीत तशी सर्व भूते या अग्निहोत्राभोवती बसतात या विचारावर संपतो, आणि त्या मुलांत खाऊ शकणारी आणि न शकणारी असा भेद केलेला नाही.

म्हणून घिवलीच्या किंवा कोणत्याही गावच्या पंगतीत या विचाराचे आचरण अगदी ठोस स्वरूपाचे असू शकते. अडचण सांगणाऱ्यावर पुराव्याशिवाय विश्वास ठेवणे आणि तरीही त्याला तपासणीसाठी घेऊन जाणे; त्याच्यासाठी पेज, मऊ भात किंवा काटे काढलेला ओला मासा पंगतीतच वाढणे, वेगळ्या खोलीत नव्हे; आग्रह थांबवून त्याला हवा तेवढा वेळ देणे आणि तो संपेपर्यंत पंगत न उठवणे; प्रसाद कपाळाला लावून दुसऱ्याच्या हाती दिला तरी तो ग्रहण केला असे मानणे; आणि त्याच्या आजाराचे कारण त्याच्या चारित्र्यात न शोधणे. यांतील एकही गोष्ट परंपरेच्या बाहेरची नाही. माणसाचे कर्तृत्व जिथे संपते त्याच जागी आहुती ठेवणाऱ्या परंपरेने आरंभीच हे मान्य केले होते की घास पोटात पोचवणारा तो स्वतः नसतो. जे त्याच्या हाती नाही ते न घडल्याबद्दल त्याला यज्ञाबाहेर काढण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही, आणि ज्या पंगतीने त्याची जागा रिकामी ठेवली तिचे प्राणाग्निहोत्र, इतर सर्वांची ताटे भरलेली असली तरी, अपुरेच राहते.